संक्रांतीचे वाण सगळ्यांना



मी सातवीपर्यंत शिकलेली, घरसंसार सांभाळणारी बाई. संक्रांतीवर दोन शब्द बोला, अशी मंडळाने गळ घातली म्हणून उभी आहे.

आमच्या गावाकडे संक्रांत तीन दिवसांची. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, मुगाच्या डाळीची खिचडी आणि वांगी, गाजर, पावटा, ओला हरभरा घालून केलेली भाजी. थंडीत शेतात जे पिकते तेच ताटात. संक्रांतीला सुगडांत ऊस, बोरे, घाटे, गव्हाच्या ओंब्या भरून सवाष्णी देवळात जातात. तिसरा दिवस किंक्रांतीचा.

हा सण उत्तरायणाचा, दिवस तिळातिळाने वाढू लागल्याचा. पण मुलांच्या भूगोलात पाहा. सर्वांत लहान दिवस २१ किंवा २२ डिसेंबरला येतो आणि सूर्य उत्तरेकडे वळतो तो तेव्हाच. आपली संक्रांत मात्र १४ किंवा १५ जानेवारीला. सुमारे १,७०० वर्षांपूर्वी दोन्ही एकाच वेळी येत. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा फार हळू डुलतो, त्यामुळे दर ७०-७२ वर्षांनी एकेक दिवसाचे अंतर पडत गेले. म्हणून कोणी सण टाकला नाही, की तिळगुळाची गोडी उणी झाली नाही. सूर्याचा दिवस सरकलेला चालतो, तर माणसांनी घातलेला नेम थोडा सरकवला म्हणून काय बिघडेल?

तिळगूळ आपण लहानथोर सर्वांना देतो. हळदीकुंकवाचे बोलावणे मात्र कपाळ पाहून करतो. माझ्या थोरल्या जाऊबाई पहाटे उठून तीळ भाजतात, पाक करतात, लाडू वळतात. आणि संध्याकाळी बायका आल्या की आतल्या खोलीत जाऊन बसतात. ज्या हातचा लाडू चालतो, तो हात वाण घ्यायला का चालू नये?

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरवायला सांगितले. गावाला जमले ते आपल्या मंडळाला जड नाही.

तेव्हा माझी सूचना अशी. संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत प्रत्येकीने अशा एका तरी भगिनीच्या घरी स्वतः जाऊन बोलावणे करावे. कुंकू लावून घ्यायचे की नाही, ते तिच्या मनावर सोडावे. वाण मात्र सर्वांबरोबर तिच्या हाती द्यावे. आरंभ मी माझ्या घरातून, जाऊबाईंपासून करणार आहे.