गप्प राहायला शिकलेला श्वान



अध्यक्षीय भाषणात व्यवसायाच्या सगळ्या प्रश्नांचा आढावा घेण्याची आपल्याकडे प्रथा आहे. रिक्त पदे, लसीकरण, दवाखान्यांची अवस्था या विषयांवर उद्या स्वतंत्र परिसंवाद ठेवले आहेत, म्हणून त्यांत मी शिरत नाही. मला आज एकाच विषयावर बोलायचे आहे. आपत्तीनंतर ढिगाऱ्याखालची माणसे शोधणारे श्वान कसे तयार होतात आणि त्या कामात आपली, म्हणजे पशुवैद्यकांची, जागा कोणती, हा तो विषय.

महाराष्ट्राला हे दुःख नवे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपाने दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. ३० जुलै २०१४ ला माळीण दरडीखाली गाडले गेले आणि १५१ माणसे गेली. २२ जुलै २०२१ ला महाडजवळचे तळिये, १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. इर्शाळवाडीला धड रस्ता नव्हता. खोदाईची यंत्रे वर नेता आली नाहीत. जवान पावसात पायी चढले आणि कुदळी-फावड्यांनी माती उपसत राहिले. २७ मृतदेह हाती लागल्यावर शोध थांबवावा लागला. ५७ माणसे बेपत्ताच राहिली. खणणारे हात मोजके आणि वेळ त्याहून कमी, अशा जागी खणायचे कुठे हाच पहिला प्रश्न असतो. त्याचे उत्तर वेळेत देऊ शकणारे, डोंगर स्वतःच्या पायांनी चढणारे साधन म्हणजे कुत्रा. माझ्या माहितीत त्याला अजून पर्याय नाही.

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, म्हणजे आपले एनडीआरएफ, २००६ साली उभे राहिले. त्याची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानच्या भूकंपात या दलाची पथके श्वानांसह गेली होती. गाझियांतेप प्रांतातल्या नूरदागी इथे ज्युली नावाची लॅब्रेडॉर एका कोसळलेल्या इमारतीवर भुंकली. तिला मागे घेऊन रोमियो नावाचा दुसरा लॅब्रेडॉर सोडला गेला. तोही तिथेच भुंकला. मग खणले आणि सहा वर्षांची मुलगी जिवंत बाहेर आली. वर्तमानपत्रांनी ज्युलीचे कौतुक केले ते योग्यच होते. मला मात्र रोमियोला सोडण्याचा निर्णय तितकाच मोलाचा वाटतो. ज्युलीवर विश्वास असूनही तिचे म्हणणे पुन्हा तपासले गेले. या विद्येचा कणा तोच आहे.

गंधाचे शरीरशास्त्र या सभेला सांगायची गरज नाही. ढिगाऱ्यात गंधाचे काय होते ते मात्र सांगायला हवे. चूल माजघरात असली तरी धूर कौलांतल्या ज्या फटीतून वाट मिळेल तिथून निघतो. माणसाचा गंधही तसाच पोकळ्यांमधून फिरत कुठेतरी लांब बाहेर पडतो. कुत्रा भुंकतो ती जागा गंधाच्या दाराची असते, माणूस बाजूला चार-पाच मीटरवरही असू शकतो. वारा कुठून येतो, स्लॅब कसा झुकला आहे, ऊन किती चढले आहे, हे वाचणे हँडलरचे, म्हणजे श्वान हाताळणाऱ्याचे, काम. दरडीत अडचण आणखी मोठी. ओल्या चिकणमातीतून गंध सहजी सुटत नाही. तिथे लोखंडी सळया खोल ठोकून भोके पाडतात, थोडा वेळ थांबतात आणि मग श्वान फिरवतात. सह्याद्रीतल्या दरडींसाठी हा सराव वीट-काँक्रीटच्या ढिगाऱ्यावरच्या सरावाइतकाच व्हायला हवा.

आता प्रशिक्षण. लॅब्रेडॉरचे काही महिन्यांचे पिल्लू डोळ्यांपुढे आणा. एक मदतनीस त्याला चेंडू दाखवत पळतो आणि ह्यूम पाइपात शिरतो. पिल्लू मागे धावते, पाइपाच्या तोंडाशी घुटमळते, पुढचे पाय आपटते आणि अखेर न राहवून भुंकते. त्याच क्षणी चेंडू बाहेर येतो आणि मनसोक्त ओढाताणीचा खेळ होतो. पुढे मदतनीस पिल्लाच्या नकळत लपतो. मग पाइपाच्या तोंडावर फळी लागते. नाक फटीला लावून भुंकल्याशिवाय ती सरकत नाही. एका भुंकण्यावर मिळणारे बक्षीस पाच भुंकण्यांवर जाते, मग पंधरावर. हे बक्षीस हँडलरच्या खिशातून येत नाही, लपलेल्या माणसाच्या हातून येते. त्यामुळे गाडलेला अनोळखी माणूस शोधणे हाच कुत्र्याच्या दृष्टीने जगातला सर्वांत आनंदाचा खेळ होतो.

यानंतर विचलन. ढिगाऱ्यात जुने कपडे, अंथरुणे, भाकरी, मटणाचे तुकडे, पिंजऱ्यातल्या कोंबड्या ठेवतात. कोसळलेल्या घरात माणसाचा वास प्रत्येक गोधडीला असतो आणि गावावर दरड येते तेव्हा गोठेही गाडले जातात. या सगळ्यांकडे दुर्लक्ष करायला श्वान शिकतो. हेही जमते, वेळ लागतो इतकेच.

खरी कसोटी त्यानंतरची. ढिगारा असतो, त्यात कोणीही नसते, आणि कुत्र्याने अर्धा तास शोधून न भुंकता परत यायचे असते. बक्षिसासाठी जिवाचे रान करणारा, मालकाला खूश करण्यात आनंद मानणारा प्राणी गप्प राहायला कसा शिकेल? आणि समजा तो शिकला, तरी हँडलर त्याला गप्प राहू देईल का?

घटनास्थळाची कल्पना करा. एक बाई हँडलरचा हात धरून सांगते, "दादा, आमचं घर इथंच होतं. माझी पोरगी इथंच निजली होती." त्या जागेवर हँडलरची पावले नकळत मंदावतात, तो श्वास रोखतो, कुत्र्याकडे आशेने बघतो. माणसाच्या चेहऱ्यावरची रेघ न् रेघ वाचणाऱ्या जनावराला आणखी काय सांगायला हवे? २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रातील संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. अमली पदार्थ आणि स्फोटके शोधणाऱ्या १८ हँडलर-श्वान जोड्यांना त्यांनी अशा इमारतीत पाठवले, जिथे तसा गंध मुळात नव्हताच. हँडलरांना मात्र तो असू शकतो असे सांगितले होते आणि काही ठिकाणी खुणेचा लाल कागद लावला होता. जोड्यांनी वारंवार 'सापडले' म्हणून कळवले, आणि कागदाच्या जागी जास्त. या सगळ्या प्रशिक्षित, प्रमाणित जोड्या होत्या. अपेक्षा माणसाची होती, ती निकालात उतरली.

ढिगाऱ्यावर खोट्या इशाऱ्याची किंमत माणसाच्या जिवाने मोजावी लागते. चुकीच्या जागी माणसे चार तास खणत राहिली, तर तेवढे तास दुसरीकडे कोणी तरी श्वास मोजत पडलेले असते. म्हणून माझा आग्रह आहे की आपल्या राज्यात शोधश्वानांची परीक्षा आंधळी असावी. कोण कुठे लपले आहे, कोणी लपले आहे की नाही, हे हँडलरला ठाऊक नसावे आणि मैदानावर उभ्या परीक्षकालाही ठाऊक नसावे. प्रत्येक परीक्षेत किमान एक ढिगारा कोरा असावा. परीक्षा घेणारी यंत्रणा त्या पथकाच्या वरिष्ठांहून वेगळी असावी. दरवर्षी ती पुन्हा व्हावी.

मृतांच्या शोधाबद्दलही मोकळेपणाने बोलले पाहिजे. जिवंत माणूस शोधणारा श्वान आणि मृतदेह शोधणारा श्वान शक्यतो वेगळे ठेवावेत; पहिल्या तासांत कुत्रा कशासाठी भुंकतो आहे याबद्दल शंका असून चालत नाही. केरळ पोलिसांनी मृतदेह शोधण्यासाठी माया आणि मर्फी हे बेल्जियन मॅलिनॉइस तयार केले. जुलै २०२४ च्या वायनाडच्या दरडीत ते कामाला आले. आपण यात मागे आहोत. या प्रशिक्षणाला खऱ्या मानवी ऊतींचा गंध लागतो. कृत्रिम गंधद्रव्ये मिळतात, पण कुजण्याच्या प्रत्येक टप्प्याचा गंध वेगळा असतो आणि एका कुपीत तो मावत नाही. देहदान स्वीकारणाऱ्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या मदतीने, संमतीपत्र घेऊन, नोंदवही ठेवून हे नमुने सन्मानाने उपलब्ध करता येतील. ज्यांना हा विषय अभद्र वाटतो त्यांनी बेपत्ता माणसाच्या घरी जाऊन यावे. मृत्यूचा दाखला नाही, वारसनोंद नाही, कायद्याने मृत मानायला सर्वसाधारणपणे सात वर्षे. आई रोज दाराकडे बघते.

आता आपले काम. श्वान निवडताना खुब्याच्या सांध्याचा एक्स-रे पाहिल्याशिवाय त्याच्यावर दोन वर्षे खर्च करू नयेत, हे आपणच ठामपणे सांगायचे. ढिगाऱ्यावर त्याला बूट घालू नयेत; तो बोटांनी पकड घेतो आणि बुटात घसरतो. गळपट्टाही काढावा, सळईत अडकतो. बूट नसल्याने तळव्यांच्या जखमा होणारच, त्या शिवायला माणूस हजर हवा. धापा टाकणारा कुत्रा नीट हुंगू शकत नाही, म्हणून वीस-तीस मिनिटांच्या कामानंतर सावली आणि पाणी. त्याला थांबवण्याचा अधिकार घटनास्थळी पशुवैद्यकाकडे असावा. काम संपल्यावर अंगावरची सिमेंटची धूळ आणि चिखल धुऊन काढल्याशिवाय त्याने अंग चाटता कामा नये. लेप्टोस्पायराची लस पुराआधी टोचलेली हवी. न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांच्या ढिगाऱ्यावर २००१ मध्ये राबलेल्या श्वानांच्या प्रकृतीचा मागोवा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या सिंथिया ऑट्टो यांनी त्यांच्या आयुष्यभर घेतला. आपल्याकडच्या शोधश्वानांची अशी एक सलग आरोग्यनोंद मला कोणी दाखवली, तर मला फार आनंद होईल.

जातीचा आग्रहही थोडा सैल करू या. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या पॉप्लर भागात बॉम्बहल्ल्यातून वाचलेला रिप नावाचा एक बेवारस, मिश्र जातीचा कुत्रा हवाई हल्ल्यापासून बचावाचे काम करणाऱ्या स्वयंसेवकांनी सांभाळला; त्याने शंभरहून अधिक माणसे शोधली आणि त्याला प्राण्यांच्या शौर्यासाठीचे डिकिन पदक मिळाले. चाचणीत टिकणारे आपले गावठी पिल्लू का वगळायचे? उंच गवतात पडलेला चेंडू न कंटाळता शोधत राहणे आणि पत्रा आदळला तरी शेपूट न घालणे, एवढे ज्याच्यात आहे त्याला संधी द्यावी.

स्वित्झर्लंडमध्ये १९७१ पासून 'रेडॉग' ही संस्था स्वयंसेवकांच्या बळावर हे काम करते. लोक नोकरीधंदा सांभाळून स्वतःच्या कुत्र्यासह वर्षानुवर्षे सराव करतात. रायगड, रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर आणि पुण्याच्या मावळ-आंबेगाव पट्ट्यात अशी पथके उभी राहावीत, असे मला मनापासून वाटते. दरड कोसळल्यावर सुदुंबऱ्याहून पथक निघून घाट चढेपर्यंत जे तास जातात, ते स्थानिक पथक वाचवू शकेल.

या आशयाचा ठराव कार्यकारिणीने तयार केला आहे. जिल्हा शाखांनी पाडकाम होणाऱ्या सरकारी इमारती सरावासाठी मिळवाव्यात, प्रत्येक शाखेने दोन पशुवैद्यकांची नावे या कामासाठी द्यावीत, आणि आंधळ्या परीक्षेचा मसुदा आपत्ती व्यवस्थापन विभागाकडे पाठवावा, अशी त्याची तीन कलमे आहेत. दुपारच्या खुल्या अधिवेशनात तो मांडला जाईल. दुरुस्त्या असतील त्यांनी जेवणाच्या सुट्टीआधी चिटणिसांकडे लेखी द्याव्यात, आणि ज्यांना आपले नाव नोंदवायचे आहे त्यांच्यासाठी वही सभागृहाच्या दाराशी ठेवली आहे.