किन्शासाचा मुलगा आणि आपली पोरं

मंडळी, भोर-वेल्ह्यातल्या मुलांना कबड्डी आणि कुस्ती कुणी शिकवायला लागत नाही, तरी मी आज इथं बास्केटबॉलमधल्या एका माणसाची गोष्ट घेऊन आलोय. त्याचं कारण खेळापेक्षा त्याच्या कॉलेजात जास्त आहे.

डिकेम्बे मुटोम्बो. जन्म १९६६, गाव किन्शासा. त्याच्या लहानपणी त्या देशाला झाईर म्हणू लागले, आज काँगो म्हणतात. उंची सात फूट दोन इंच. या मुलाला डॉक्टर व्हायचं होतं. अमेरिकन सरकारच्या मदत-योजनेची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९८७ साली तो वॉशिंग्टनच्या जॉर्जटाऊन विद्यापीठात दाखल झाला. फ्रेंच यायची, घरच्या आफ्रिकी भाषा यायच्या. इंग्रजी मात्र जवळजवळ नाहीच.

तिथले बास्केटबॉलचे प्रशिक्षक जॉन थॉम्प्सन. १९८४ साली त्यांनी विद्यापीठाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं होतं. हा मान मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय प्रशिक्षक. त्या अंतिम सामन्यात हरलेल्या ह्यूस्टनच्या संघात हकीम ओलाजुवॉन होता. लागोसहून आलेला हा मुलगा लहानपणी हँडबॉल आणि फुटबॉल खेळायचा, बास्केटबॉल त्याच्या हाती फार उशिरा आला. त्याच वर्षी व्यावसायिक संघांनी खेळाडू निवडले तेव्हा पहिलं नाव त्याचं होतं. मायकेल जॉर्डनचं तिसरं. म्हणजे आफ्रिकेतून येणारा उंच मुलगा काय करू शकतो हे अमेरिकेला ठाऊक झालं होतं. अशा वेळी सात फुटी पोरगा दारात उभा असेल तर कुणीही त्याला लगेच मैदानात उतरवलं असतं.

पण पहिलं वर्षभर मुटोम्बो विद्यापीठाच्या संघातून खेळलाच नाही. तो इंग्रजी शिकत होता. माझ्या मते त्याची सगळी कारकीर्द या एका वर्षावर उभी आहे. थॉम्प्सन यांच्या टेबलावर हवा गेलेला एक चेंडू ठेवलेला असायचा. चेंडूतली हवा एक दिवस जाणार, त्यानंतर तुझ्याजवळ काय उरेल, हे प्रत्येक खेळाडूला तिथं बसल्या बसल्या दिसायचं. आणि हेच थॉम्प्सन जानेवारी १९८९ मध्ये सामना सुरू होण्याआधी निषेध म्हणून मैदान सोडून निघून गेले. ठरावीक गुण नसलेल्या मुलांची खेळाची शिष्यवृत्ती पहिल्या वर्षी बंद करणारा नियम आला होता. त्यात गरिबांची पोरं दाराबाहेर राहणार होती. पुढे तो नियम बदलला गेला. पोरांना अभ्यासाला बसवणारा माणूस आणि गुण कमी म्हणून पोरांना हाकलू नका म्हणणारा माणूस, हा एकच होता.

वैद्यकीय शिक्षण आणि खेळ एकत्र जमेना, म्हणून मुटोम्बोनं भाषाशास्त्र आणि राजनय हे विषय घेतले. १९९१ मध्ये पदवी घेतली आणि त्याच वर्षी डेन्व्हरच्या संघानं त्याला चौथ्या क्रमांकावर निवडलं. पुढं अठरा हंगाम. समोरच्याचे ३,२८९ फटके त्यानं हवेतच अडवले. या मोजणीत त्याच्या पुढे एकटा ओलाजुवॉन आहे.

पुढं किन्शासातल्या अशांततेत त्याच्या आईला वेळेवर रुग्णालयात नेता आलं नाही, आणि ती गेली. पावसाळ्यात आतल्या वाडीवरून झोळी करून माणूस रस्त्यापर्यंत आणणं काय असतं, हे वेल्ह्याच्या लोकांना मी सांगायला नको. मुटोम्बोनं स्वतःचे कोट्यवधी डॉलर घालून आईच्या नावानं तीनशे खाटांचं रुग्णालय किन्शासात उभं केलं. २००७ मध्ये ते सुरू झालं. डॉक्टर व्हायला निघालेला मुलगा अशा वाटेनं दवाखान्यापर्यंत पोचला. ३० सप्टेंबर २०२४ रोजी मेंदूच्या कर्करोगानं तो गेला.

आता आपल्याकडं बघा. खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. १९४८ साली लंडनच्या ऑलिम्पिकमध्ये ते पहिल्यांदा मॅटवर उतरले. सगळी कुस्ती लाल मातीत झालेली. मॅट ही त्यांच्यासाठी परकी भाषाच होती. तरी सहावे आले. मग चार वर्षं मेहनत केली आणि १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक आणलं. त्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. जॉर्जटाऊनमध्ये जे काम व्यवस्थेनं केलं, ते इथं एका प्राचार्यांच्या घरानं केलं. खर्डेकरांपुढं मी हात जोडतो. पण प्रत्येक पोराच्या वाट्याला खर्डेकर येत नाहीत, म्हणून मला व्यवस्थाच हवी वाटते.

आपली मुलं बारावीनंतर पुण्याला जातात. वर्गात इंग्रजी ऐकून बुजतात आणि गप्प बसतात. खेळणारा असेल तर त्याला सांगितलं जातं, तू खेळ, अभ्यास तुझ्यानं व्हायचा नाही. दुसऱ्या घरी सांगतात, खेळ पुरे झाला, पुस्तक धर. दोन्हीकडं मुलाचा एक हात तोडला जातो. त्याला हवं असतं एक वर्ष. भाषा अंगवळणी पडेपर्यंत कुणीतरी थांबायला तयार असलेलं एक वर्ष.

इथं शाळा-कॉलेजचे शिक्षक बसले आहेत, काही संस्थाचालकही आहेत. तुम्हाला माझी विनंती आहे: जूनमध्ये प्रवेश सुरू होतील, तेव्हा मैदानावरून येणाऱ्या प्रत्येक मुलामुलीसाठी संध्याकाळी तासभर इंग्रजीचा वर्ग धरा, आणि त्या वर्गाला सरावाइतकीच हजेरी लावा.