मेक्सिकोचे ताट आणि द्राक्षाचा पेला



आजचा विषय पत्रिकेत छापून आला तेव्हा आमच्या युनियनच्या कचेरीत एका तरुण कार्यकर्त्याने विचारले, "अण्णा, जन्मभर गुत्त्यांविरुद्ध बोललात आणि आता वाइनवर व्याख्यान?" प्रश्न रास्त आहे. पगाराच्या दिवशी कारखान्याच्या फाटकाशी, नवरा गुत्त्याकडे वळण्याआधी चार पैसे हाती पडावेत म्हणून मूल कडेवर घेऊन उभ्या राहिलेल्या बायका आम्ही लहानपणापासून पाहिल्या आहेत. आम्ही स्वतः पीतही नाही. पण मजुराच्या ताटात काय पडते आणि ते कोण ठरवितो, हा आमचा रोजचा विषय आहे. आणि या बाबतीत मेक्सिको देशाकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

तो देश आपल्याला वाटतो तितका परका नाही. आपल्या ठेच्यातली मिरची मूळची तिकडचीच. पोर्तुगिजांबरोबर ती इकडे आली. तिकडचा गरीब माणूस मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, वाटून त्याची भाकरी करतो. तिला ते तोर्तिया म्हणतात. आपल्या वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे यांनी त्याच मक्यावर मेक्सिकोत संशोधन केले आणि चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकविले.

आता या तिखट जेवणाबरोबर वाइन जमते काय? जाणकार सांगतात, जमते. पण निवड पाहिजे. तुरट आणि कडक लाल वाइन घेतली तर मिरचीचा जाळ आणखी भडकतो. तिथे किंचित गोडसर, थंड आणि सौम्य वाइन बरी. लिंबू पिळलेल्या मासळीबरोबर आंबटसर पांढरी वाइन चांगली लागते, कारण आंबटापुढे मवाळ पेय पाणचट वाटते. पुएब्ला शहराचे मोले म्हणजे सुक्या मिरच्या, तीळ, मसाले आणि थोडे चॉकलेट यांचा दाट रस्सा. त्याला फळांच्या चवीची, कमी तुरट लाल वाइन शोभते.

मग प्रश्न असा की, जर हे इतके जमते तर मेक्सिकोच्या सामान्य माणसाच्या पानाशी वाइन पूर्वापार का नव्हती? त्याच्या पानाशी होते ते पुल्के. घायपाताच्या रसाचे, आपल्या ताडीसारखे आंबविलेले पांढरे पेय. याचे उत्तर जिभेत नाही, हुकमात आहे. स्पॅनिश लोकांनी द्राक्षवेल तिकडे नेली; 1597 साली पार्रास येथे राजाच्या सनदेने मळाही उभा राहिला. परंतु स्पेनच्या वाइनचे गिऱ्हाईक तुटू नये म्हणून 1595 सालीच राजा दुसरा फिलिप याने वसाहतीत नव्या लागवडीवर बंदी घातली होती. प्रार्थनेपुरती वाइन चर्चला करता येई. पुढे दोलोरेस गावच्या मिगेल इदाल्गो या धर्मगुरूने गावकऱ्यांना वेली लावायला शिकविले, तेव्हा त्या सरकारी माणसांनी उपटून टाकल्या असे सांगतात. याच इदाल्गोने 1810 साली स्वातंत्र्ययुद्धाची हाक दिली.

हुकूम राजाचाच असतो असे नाही, मालकाचाही असतो. रिओ ब्लांको येथील कापड गिरण्यांचे कामगार मालकांशी बांधलेल्या दुकानाच्या उधारीत बुडालेले होते. 7 जानेवारी 1907 रोजी त्यांचा संताप त्या दुकानावर फुटला आणि लष्कराने गोळ्या घातल्या. त्यानंतर दहा वर्षांनी, 1917 च्या राज्यघटनेच्या 123 व्या कलमात दोन गोष्टी लिहिल्या गेल्या: मजुरी रोख चलनातच द्यावी, माल किंवा चिठ्ठ्या देऊन नव्हे, आणि कामाच्या वस्तीत दारूचे दुकान नसावे. आमच्या तरुण मित्राला आम्ही हेच कलम दाखविले. पेल्याला तिथे कोणी शिव्या दिलेल्या नाहीत. मजुरी पेल्यात बुडविण्याची मालकाची सोय तेवढी काढून घेतली आहे.

आज एन्सेनादा शहराजवळच्या ग्वादालुपे खोऱ्यात उत्तम वाइन होते आणि दूरदूरचे लोक ती मासळीबरोबर चाखायला जातात. आनंद आहे. पण त्याच एन्सेनादाच्या तेव्हाच्या हद्दीत, दक्षिणेकडे सान किन्तीन येथे, मार्च 2015 मध्ये स्ट्रॉबेरी आणि टोमॅटो खुडणाऱ्या हजारो शेतमजुरांनी संप केला. मागण्या काय होत्या? पुरेशी मजुरी, जादा कामाचे पैसे, विम्याचा हक्क. शंभर वर्षांपूर्वी घटनेत लिहिलेले पदरात पडावे म्हणून पुन्हा रस्त्यावर यावे लागले.

तेव्हा कोणत्या पदार्थाबरोबर कोणती वाइन हे अवश्य शिकावे. चव कळणे हा श्रीमंतांचा मक्ता नाही. आपल्या नाशिककडेही आता वाइन होते. तिथे कोणी पेला पुढे केला तर आम्ही तो नम्रपणे परत करू, पण एवढे विचारू, की द्राक्षे खुडणाऱ्या बाईला हजेरी किती पडते? हा प्रश्न विचारल्याने पेल्यातली चव बिघडत असेल, तर दोष प्रश्नाचा नव्हे.