श्रमसंहिता : आकड्यांचा उलटा प्रवास

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला 'नवे कायदे आणि त्यांचे अनुपालन' असा ऐसपैस विषय दिला होता. कर, कंपन्या, पर्यावरण, औषधे अशा अनेक क्षेत्रांत गेल्या काही वर्षांत कायद्यांची मोठी उलथापालथ झाली आहे. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने तर ४२ केंद्रीय कायद्यांतील १८३ तरतुदींमधील शिक्षा एका फटक्यात सौम्य केल्या. या सर्वांचा परामर्श तासाभरात घेणे शक्य नाही. मी श्रमसंहितांपुरतेच बोलणार आहे आणि त्यातही मुख्यतः आकड्यांविषयी. अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य गेलेल्या माणसाकडून आपण दुसरी अपेक्षाही करणार नाही.

२९ केंद्रीय कामगार कायदे रद्द करून त्यांच्या जागी आणलेल्या चार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अंमलात आल्या. वेतन संहिता २०१९ सालची. उरलेल्या तीन, म्हणजे औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि कामाच्या जागेची सुरक्षितता व आरोग्य यांविषयीच्या, सप्टेंबर २०२० मध्ये विरोधी पक्षांनी बहिष्कार टाकलेला असताना संसदेत संमत झाल्या. त्यांत चांगले काही नाही असे मी म्हणणार नाही. किमान वेतन आता ठराविक अनुसूचित धंद्यांपुरते राहिलेले नाही. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र मिळावयाचे आहे. मुदतीच्या नेमणुकीवरील कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. मोटारसायकलवरून घरोघर जेवण पोचविणाऱ्या पोरांचा उल्लेख तरी कायद्यात प्रथमच आला आहे. या गोष्टी आपण मोकळ्या मनाने मान्य केल्या पाहिजेत, नाहीतर कामगार आपले ऐकणार नाहीत.

परंतु कायदा काय देतो हे पाहण्याआधी तो कोणाला देतो हे पहावे लागते, आणि हा प्रश्न कायद्याच्या व्याख्येतील एका आकड्यात दडलेला असतो.

या आकड्याचा इतिहास मुंबईच्या गिरण्यांपासून सुरू होतो. १८८१ चा पहिला कारखाना कायदा १०० किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांना लागू होता आणि त्याचा सारा भर मुलांच्या कामावर होता. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेऊन रविवारच्या सुटीची मागणी पुढे मांडली. १८९० मध्ये गिरणीमालकांनी ती सुटी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने मर्यादा ५० वर आणली, १९२२ च्या कायद्याने २० वर आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने, विजेवर चालणाऱ्या कारखान्यांसाठी, १० वर. म्हणजे सदुसष्ट वर्षे हा आकडा सतत खाली येत होता. प्रत्येक पायरीला कायद्याच्या छपराखाली आणखी काही लाख माणसे येत होती. परकीय सरकारलाही हा आकडा वर नेण्याचे धाडस झाले नाही. नव्या संहितेत कारखान्याच्या व्याख्येतील आकडा १० वरून २० झाला आहे, आणि वीज नसेल तेथे २० वरून ४०.

यावर सरकारपक्षाचे उत्तर असे की, दहा कामगारांचे कोणतेही आस्थापन नव्या संहितेखाली येतेच. ते खरे आहे. पण 'आस्थापन' म्हणून येणे वेगळे आणि 'कारखाना' म्हणून येणे वेगळे. कारखान्यांसाठी म्हणून ज्या खास तरतुदी आहेत, त्यांच्याबाहेर ही मधली दहा ते एकोणीस माणसांची दुनिया राहते. ती दुनिया मी थोडीफार पाहिली आहे.

१९९२ च्या सुमारास विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही एका औद्योगिक वसाहतीतील छोट्या गाळ्यांची पाहणी केली. एका गाळ्यात पॉवर प्रेसवर पत्र्याचे सुटे भाग निघत. मस्टरवर नावे नऊ आणि आत माणसे सतरा. मालक मनाने वाईट नव्हता. स्वतः लेथवर काम करून वर आलेला गृहस्थ. चहा पाजून म्हणाला, "सर, दहावा माणूस मस्टरवर आला की सरकार घरात येतं." शेजारच्या गाळ्याला मधून दार होते आणि त्यावर पाटी होती पत्नीच्या नावाची. प्रेसवर बसलेल्या एका मुलाची उजव्या हाताची दोन बोटे नव्हती. त्याचे नाव दोन्ही पाट्यांच्या मस्टरवर नव्हते. आता त्या मालकाला मधले दार बुजवले तरी चालेल. एकोणिसाव्या माणसापर्यंत त्याला कारखानदार व्हावेच लागणार नाही.

दुसरा आकडा कपातीचा आणि टाळेबंदीचा नव्हे, तर कारखाना कायमचा बंद करण्याचा. कामगार कमी करण्यापूर्वी किंवा कारखाना बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी घ्यावी, ही तरतूद १९७६ मध्ये ३०० कामगारांच्या मर्यादेने आली. आणीबाणीचा तो काळ. आपले अनेक नेते तुरुंगात असताना हा कायदा झाला, ही इतिहासाची एक गंमतच. १९८२ च्या दुरुस्तीने मर्यादा १०० वर आणली. राजस्थानने २०१४ मध्ये ती पुन्हा ३०० केली आणि आता देशभर ३०० झाली. आपल्या नोंदलेल्या कारखान्यांपैकी बहुसंख्य शंभराच्या आतलेच आहेत, तेव्हा ही तरतूद पूर्वीही थोड्यांनाच लागू होती. परंतु संहितेची शब्दरचना नीट वाचा. ३०० 'किंवा अधिसूचित केली जाईल अशी अधिक संख्या' असे तेथे म्हटले आहे. म्हणजे उद्या कोणत्याही सरकारला हा आकडा अधिसूचना काढून ५०० किंवा १००० करता येईल. तो खाली आणावयाचा झाल्यास मात्र कायदाच बदलावा लागेल. एका दिशेलाच उघडणारे हे दार आहे.

आता जे कामगार छपराखाली राहिले त्यांचे काय, ते पाहू. कायदा पाळला जातो की नाही हे पाहणारे दोन डोळे असतात : एक सरकारी निरीक्षकाचा, दुसरा संघटनेचा.

निरीक्षकाचे नाव आता 'निरीक्षक-तथा-सुविधाकार' झाले आहे. कोणाची तपासणी करावयाची हे संगणकावरून ठरविण्याच्या योजनेची तरतूद आहे. अनेक अपराधांबाबत खटला भरण्यापूर्वी मालकाला लेखी सूचना देऊन सुधारण्याची संधी द्यावयाची आहे. निरीक्षक पाकिटे घेत, हे मला ठाऊक आहे. त्या गाळेवाल्यानेही सांगितले होते. पण पोलीस लाच घेतात म्हणून कोणी गस्त बंद करीत नाही. भारताने १९४९ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा ८१ वा करार मान्य केला आहे. निरीक्षकाला दिवसा वा रात्री, पूर्वसूचना न देता आत जाता आले पाहिजे, आणि आवश्यक तितक्या वेळा तपासणी झाली पाहिजे, असे तो करार सांगतो.

गॅरी बेकर हे शिकागोचे अर्थशास्त्रज्ञ. ते आपल्या पंथाचे नव्हेत, किंबहुना नेमके विरुद्ध टोकाचे. १९६८ मध्ये त्यांनी मांडले की, कायदा मोडणारा माणूस दोन गोष्टींचा गुणाकार करतो : दंड किती आणि पकडले जाण्याची शक्यता किती. हे गणित आपण करून पाहू. एका मालकाने वीस कामगारांना महिन्याला प्रत्येकी ३,००० रुपये किमान वेतनापेक्षा कमी दिले, तर वर्षाला त्याचे ७,२०,००० रुपये वाचतात. वेतन संहितेत पहिल्या अपराधाला दंड फार तर ५०,०००. त्यातही अपराध मिटवून घ्यावयाचा झाल्यास कमाल दंडाच्या निम्मे, म्हणजे २५,००० भरून सुटका. जुन्या कायद्यात दंड अवघा ५०० रुपये होता हे खरे, पण सहा महिन्यांपर्यंत कैदेची भीतीही होती. पहिल्या अपराधासाठी ती गेली. कामगाराने स्वतः दावा लावला तर थकबाकी आणि तिच्या दहापटीपर्यंत भरपाई मिळू शकते, आणि दाव्याची मुदत आता तीन वर्षांची आहे. ही सुधारणा महत्त्वाची आहे. पण नेमणूकपत्र नसलेला, परप्रांतातून आलेला, मुकादमाच्या खोलीत राहणारा कामगार एकटा दावा लावील काय?

त्याच्यासाठी दुसरा डोळा होता. १९३८ मध्ये मुंबई इलाख्यात संपावर बंधने घालणारे विधेयक आले, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी विधिमंडळात त्याला विरोध केला आणि ७ नोव्हेंबरला कम्युनिस्टांच्या बरोबरीने संप घडवून आणला. नव्या संहितेत १४ दिवसांच्या नोटिशीचे बंधन, जे पूर्वी केवळ सार्वजनिक उपयुक्ततेच्या सेवांना होते, ते सर्व उद्योगांना लागू झाले आहे. समेटाची बोलणी चालू असताना आणि ती संपल्यावर सात दिवस संप नाही. निम्म्या कामगारांनी एकाच दिवशी रजा टाकली तर तोही संपच. नोटीस दिली की समेट सुरू होणार आणि समेट सुरू झाला की संप बेकायदा, असे हे चक्र आहे. संघटनास्वातंत्र्याचे ८७ आणि ९८ क्रमांकांचे करार भारताने अद्याप मान्य केलेले नाहीत, याची येथे आठवण द्यावीशी वाटते.

मग करावे काय? 'संहिता रद्द करा' ही घोषणा आपण देऊच, पण ती देऊन घरी जाता येणार नाही. माझी सूचना साधी आहे. प्रत्येक तालुक्यातील शाखेने आपल्या भागातील पंचवीस गाळे निवडावेत. आत माणसे किती आणि मस्टरवर किती, नेमणूकपत्र कितीजणांना मिळाले, एका छपराखाली पाट्या किती, याची नोंद करावी. विद्यार्थी हे काम उत्तम करतात, मी करवून घेतले आहे. ज्यांचे वेतन बुडाले आहे त्यांचे दावे तीन वर्षांच्या मुदतीत एकत्रित दाखल करावेत. आपल्याकडे वकील मंडळी कमी नाहीत. ३०० चा आकडा वाढविणारी अधिसूचना निघाली तर ती राजपत्रात येईल. राजपत्र नियमाने वाचण्याची जबाबदारी एका माणसावर सोपवावी. नोंदीचा नमुना मी तयार करून आणला आहे. मागच्या बाकावर त्याच्या प्रती ठेवल्या आहेत, जाताना घेऊन जाव्यात.