सर, सगळा उतार तिकडे नाही



मी पायदळात तीस वर्षं काढली आणि निवृत्तीनंतर महूतच घर केलं. महू म्हणजे मध्य प्रदेशातली, इंदूरजवळची लष्करी छावणी. इथल्या एका शाळेत मी आठवड्यातून दोन दिवस नववीच्या मुलांना भूगोल शिकवतो. वर्गात ऑनलाइन साधनं कशी वापरावीत, यावर मी तज्ज्ञ म्हणून बोलणार नाही. माझी एक चूक तेवढी सांगतो.

सुरुवातीला मी नुसते व्हिडिओ लावायचो. पडद्यावर नद्या वाहायच्या आणि मुलं चिडीचूप. मला वाटायचं, काय शिस्त आहे! दुसऱ्या दिवशी विचारलं, तर कोणालाच काही आठवत नसे.

मग पद्धत बदलली. चार-चार मुलांचे गट, गटाला एक संगणक आणि सगळ्या वर्गाला मिळून एक गूगल डॉक. प्रश्न एकच दिला: महूच्या परिसरात पडलेला पाऊस कोणत्या समुद्राला मिळतो? सुरुवात म्हणून वर मीच एक वाक्य लिहिलं, 'इथलं सगळं पाणी चोरल नदीतून नर्मदेला आणि पुढे अरबी समुद्राला जातं.'

दोन दिवसांनी त्याखाली एका मुलीची टीप आली, "सर, सगळा उतार तिकडे नाही." तिच्या गटानं गूगल अर्थवर ठिकठिकाणची उंची पाहून लिहून काढली होती. पाताळपाणीच्या धबधब्यावरून चोरल नर्मदेकडे उतरते, हे बरोबर. पण गंभीर नदी उत्तरेला वाहते आणि क्षिप्रेला मिळते. क्षिप्रा चंबळला, चंबळ यमुनेला, यमुना गंगेला. म्हणजे ते पाणी थेट बंगालच्या उपसागरात! आमचा परिसर जलविभाजकावर आहे आणि मी ते विसरलो होतो.

खरं सांगतो, आधी राग आला. आयुष्यभर नकाशे वाचलेल्या माणसाला नववीतली मुलगी उतार शिकवते? वाक्य गुपचूप बदलावं, असंही मनात आलं. पण कोणी, केव्हा, काय बदललं, याची नोंद त्या डॉकमध्ये राहते. शिवाय फौजेत सराव संपला की डीब्रीफिंग होतं. तिथे आपली चूक आपणच उभं राहून सांगायची असते. मी वर्गासमोर उभा राहिलो, चूक सांगितली आणि वाक्य त्यांच्यादेखत दुरुस्त केलं.

त्यानंतर कधी तोंड न उघडणारी मुलंही लिहू लागली. एका रविवारी आम्ही जानापावच्या डोंगरावर गेलो. चंबळ तिथेच उगम पावते. सोबत भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा होता, 2 सेंटिमीटरला 1 किलोमीटर असा. पडद्यावर पाहिलेला उतार मुलांनी समोच्च रेषांवर ताडून पाहिला आणि मग पायांनी अनुभवला.

शिक्षक मित्रांना तीन गोष्टी सुचवतो. प्रश्न असा द्या, की मुलांना गावात फिरून उत्तर तपासता येईल. कीबोर्ड मुलांच्या हातात द्या, आपण मागे उभे राहा. आणि तुमची चूक निघाली, तर ती पुसू नका. माझं ते चुकीचं वाक्य आजही डॉकच्या जुन्या आवृत्तीत आहे. नवीन वर्ग आला की पहिल्या तासाला मी तेच उघडून दाखवतो.

जय हिंद.