सुकाणूच्या सांध्याचे रबरी टोपण
द्राक्षमळ्याच्या अरुंद ओळींतून वर्षानुवर्षे राबलेल्या लहान ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांपाशी, टाय रॉडच्या टोकाच्या गोल सांध्यावर जे रबरी टोपण असते, ज्यास कारागीर ‘बूट’ म्हणतात, ते उन्हाने चिरले की आतील ग्रीस गळते, धूळ-पाणी शिरते आणि पोलादी गोळा अल्पावधीत झिजून सुकाणू सैल होते. म्हणून इतक्या किरकोळ किमतीच्या वस्तूची हयगय मला अक्षम्य वाटते.

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून, मागील चाकांना दगडांची अडण देऊन पुढचा भाग उचलावा. स्प्लिट पिन व नट काढावा, आणि घट्ट रुतलेला निमुळता दांडा सोडविण्यासाठी आट्यांवर कदापि न ठोकता, तो ज्या डोळ्यात बसतो त्याच्या बाजूवर हातोडा मारावा. मग फाटके टोपण काढून, जुने ग्रीस पुसून गोळा हलवून पाहावा. तो खडखडत असेल, तर नवे टोपण व्यर्थ होय, सबंध टोकच बदलावे, मात्र काढताना फेरे मोजून, म्हणजे चाकांची दिशा बिघडत नाही. जुन्या मॉडेलचे टोपण न मिळाल्यास मानेचा व बुडाचा व्यास मोजून त्या मापाचे घ्यावे. शेवटी नट पुन्हा आवळताना पिनेसाठीची नटाची व दांड्याची भोके जुळेनात, तर नट मागे न फिरवता किंचित अधिक आवळावा, आणि पिन दर खेपेस नवीच घालावी.