कॅम्पसवरची ख्रिस्तसभा कोणाच्या हाती?



या परिषदेचा अध्यक्ष म्हणून थेट विषयाकडे येतो. आपल्या प्रत्येक परिषदेत एक प्रश्न हमखास विचारला जातो: कॉलेजात गेलेली आपली मुलं-मुली श्रद्धेत टिकावीत म्हणून आपण काय करावं? प्रश्नामागची कळकळ खरी आहे. पण तो विचारताना आपण दोन गोष्टी न तपासता धरून चालतो. विद्यापीठ ही श्रद्धेला धोक्याची जागा आहे ही पहिली, आणि विद्यार्थी म्हणजे ज्याला सांभाळायचं असा कोणीतरी, ही दुसरी. मला या दोन्ही गोष्टी मान्य नाहीत. कॅथलिक विद्यार्थीसेवेचा गेल्या पावणेदोनशे-दोनशे वर्षांचा इतिहास मला वेगळंच सांगतो. जिथे विद्यार्थ्यांनी समुदाय स्वतः उभारला, स्वतः चालवला आणि धर्मगुरू त्यांच्या शेजारी उभा राहिला, तिथे श्रद्धा टिकली, वाढली आणि समाजाच्या उपयोगी पडली. जिथे राखणदारी झाली तिथे फारसं काही उगवलं नाही.

राखणदारीचं सर्वांत बोलकं उदाहरण ऑक्सफर्डचं आहे. जॉन हेन्री न्यूमन 1845 मध्ये कॅथलिक झाले. ऑक्सफर्ड त्यांना आतून-बाहेरून ठाऊक होतं. कॅथलिक तरुणांनी तिथे शिकायला जावं आणि त्यांच्यासाठी तिथेच आपलं केंद्र असावं, असं त्यांना वाटत होतं. 1864 मध्ये त्यांनी त्यासाठी जागाही घेतली. पण इंग्लंडमधल्या धर्माधिकाऱ्यांना आणि रोमला भीती वाटली की तिथे गेलेली मुलं श्रद्धा गमावून बसतील. न्यूमनची योजना बारगळली आणि 1867 मध्ये आईवडिलांना सांगण्यात आलं की मुलांना तिकडे पाठवू नका. या धोरणाने साधलं काय? ज्यांना शिकायचंच होतं ते तरीही गेले, पण एकेकटे, पाठीशी कोणी नसताना. बाकीचे देशाच्या बौद्धिक जीवनापासून लांब राहिले. अखेर 1895 मध्ये रोमने परवानगी दिली आणि पुढच्याच वर्षी ऑक्सफर्डला विद्यार्थ्यांसाठी धर्मगुरू नेमला गेला. परवानगी आली तेव्हा न्यूमन वारून पाच वर्षं झाली होती. तीस वर्षं वाया गेली. ज्या माणसाचं म्हणणं नाकारलं गेलं तो 2019 मध्ये संत म्हणून घोषित झाला, आणि जगभरची अनेक कॅथलिक विद्यार्थीकेंद्रं आज त्याच्या नावाने ओळखली जातात.

ही केंद्रं सुरू कोणी केली हेही पाहण्यासारखं आहे. अमेरिकेत 1883 मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातले काही कॅथलिक विद्यार्थी मॅडिसन गावात मेल्विन नावाच्या कुटुंबाच्या घरी जमू लागले. वर्गात आपल्या धर्माविषयी जे बोललं जातं त्याला उत्तर देता यावं इतका अभ्यास आपला असावा, अशी त्यांची इच्छा होती. त्या मंडळातला एक विद्यार्थी पुढे वैद्यकीय शिक्षणासाठी पेनसिल्व्हेनियाला गेला आणि 1893 मध्ये तिथे त्याने पहिला न्यूमन क्लब काढला. वरून कोणाचा आदेश आला नव्हता. निधी मंजूर झाला नव्हता. एक दिवाणखाना होता आणि चार प्रश्न होते.

मॅडिसनच्या त्या बैठकांआधी पन्नास वर्षं पॅरिसमध्ये असंच घडलं होतं. 1832 मध्ये त्या शहरात कॉलऱ्याने हाहाकार माजवला होता. विद्यार्थ्यांच्या एका वादमंडळात ख्रिस्ती धर्माने युरोपला काय दिलं याचे दाखले दिले जात होते. तेव्हा विरोधी बाजूच्या विद्यार्थ्याने विचारलं की ते सगळं मागे झालं, आज तुम्ही काय करता? फ्रेडरिक ओझानाम तेव्हा कायद्याचा विद्यार्थी होता. त्याने वादात प्रत्युत्तर दिलं नाही. 1833 च्या एप्रिलमध्ये, विशीत पाऊल टाकताना, तो आणि त्याचे मोजके सोबती एका वर्तमानपत्राच्या कचेरीत जमले आणि गरिबांच्या घरी जायचं असं त्यांनी ठरवलं. जायचं म्हणजे कुठे, कोणाकडे, हे त्यांना कळत नव्हतं. ते शिकवलं सिस्टर रोझाली रांद्यू यांनी. पॅरिसच्या सर्वांत कंगाल वस्तीत वर्षानुवर्षं काम करणाऱ्या या धर्मभगिनीने मुलांना कुटुंबं नेमून दिली, पाव आणि कोळशाच्या चिठ्ठ्या हाती दिल्या आणि गरिबाच्या दारात उभं कसं राहायचं हे सांगितलं. सेंट व्हिन्सेंट दि पॉल संस्था तिथून निघाली. आपल्या अनेक धर्मग्रामांत ती आजही महिन्याचं धान्य पोचवते, पण ती विद्यार्थ्यांनी काढलेली संस्था आहे याची आठवण तिथे क्वचितच कोणी काढतं. सिस्टर रोझालींनी त्या मुलांसाठी काम उभं करून दिलं नाही. त्यांनी वाट दाखवली आणि पुढे मुलांना चालू दिलं. विद्यार्थीसेवा करणाऱ्या प्रत्येकाने त्यांच्याकडून हे शिकावं.

‘मग धर्मगुरूचं काम काय राहिलं?’ असं काही जण विचारतील. त्याचं उत्तर पोलंडमधल्या क्राकोमध्ये मिळतं. 1949 मध्ये कॅरोल वोयतिवा हा तरुण धर्मगुरू सेंट फ्लोरियन चर्चमध्ये विद्यार्थ्यांसाठी नेमला गेला. साम्यवादी राजवटीत चर्चबाहेर तरुणांचे गट चालवायला धर्मगुरूंना मज्जाव होता. म्हणून तो साध्या कपड्यांत त्यांच्यासोबत डोंगरांवर, तळ्यांवर जाई आणि चारचौघांत मुलं त्याला ‘काका’ म्हणत. उलटी घातलेली कयाक हीच वेदी, वल्ह्यांचा बांधलेला क्रूस, आणि तिथेच मिस्सा. या मुलामुलींनी प्रेम, लग्न, मूल याविषयीचे आपले खरे प्रश्न त्याच्यापुढे मांडले आणि त्याने ते ऐकले. 1960 मध्ये प्रसिद्ध झालेलं त्याचं ‘प्रेम आणि जबाबदारी’ हे पुस्तक या ऐकण्यातून तयार झालं. पुढे जॉन पॉल दुसरे म्हणून पोपपदावर गेलेल्या या माणसाला विद्यार्थ्यांनी घडवलं, असं म्हणणं अतिशयोक्तीचं होणार नाही. धर्मगुरूने संस्कार द्यावेत, अभ्यास घ्यावा, चुकलं तर सांगावं. पण बैठकीचा विषय, खर्चाचा हिशेब आणि कामाची निवड विद्यार्थ्यांकडे असावी.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की विद्यार्थी तीन वर्षांत निघून जातात, त्यांच्यावर संस्था कशी उभी राहणार? आक्षेप खरा आहे. अनेक चांगले गट एका उत्साही अध्यक्षाच्या निकालाबरोबर बंद पडतात. पण ती मुलं निघून जातात म्हणूनच त्यांच्या हाती कारभार द्यायला हवा, असं मी म्हणतो. इटलीत 1925 ते 1933 या काळात जोव्हान्नी बात्तिस्ता मोन्तिनी, म्हणजे पुढचे पोप सहावे पॉल, कॅथलिक विद्यापीठ-विद्यार्थी महासंघाचे धर्मगुरू होते. 1931 मध्ये मुसोलिनीच्या सरकारने कॅथलिक युवकमंडळांना टाळं ठोकलं. तरीही अभ्यासमंडळांची परंपरा तुटली नाही. त्या महासंघाचा अध्यक्ष राहिलेला आल्दो मोरो 1946 मध्ये इटलीच्या घटनासमितीत होता. सभा चालवणं, मतभेद सोसणं, ठराव लिहिणं या सवयी ज्याला विशीत लागतात तो त्या घेऊन जातो. गट तीन वर्षांत बदलला तरी माणूस बदलून बाहेर पडतो. सातत्य राखण्यासाठी धर्मप्रांताने एक खोली, एक कपाट आणि जुन्या विद्यार्थ्यांची यादी सांभाळली तरी बरंच झालं.

भारतात हे आपल्याला अजिबात परकं नाही. 1924 मध्ये फादर कार्टी या फ्रेंच जेज्विटांनी दक्षिणेत जे मंडळ सुरू केलं त्यातून अखिल भारतीय कॅथलिक विद्यापीठ महासंघ, म्हणजे आपला आयकफ, उभा राहिला. आयकफच्या 1970 च्या पूनमल्ली जाहीरनाम्यानंतर या चळवळीने न्याय्य समाजाची भाषा स्वीकारली आणि विद्यार्थ्यांना खेड्यांत, झोपडपट्ट्यांत, आदिवासी पाड्यांवर नेलं. तेव्हापासून एक तक्रार सुरू आहे की या मुलांना मोर्चा येतो पण जपमाळ येत नाही. ही तक्रार मी हलक्याने घेत नाही. प्रार्थनेवाचून चाललेलं काम दोन वर्षांत कोरडं पडतं, हे अनेक ठिकाणी दिसलेलं आहे. मात्र उलट बाजूने, भजन-स्तुतीत रमलेला आणि वसतिगृहातल्या उपाशी सोबत्याची खबर नसलेला गटही तितकाच अपुरा आहे. ओझानामच्या मंडळात प्रार्थना आणि गृहभेट एकाच बैठकीचे भाग होते. ते आपण वेगळे करून दोन तट पाडले. विद्यार्थ्यांना विचाराल तर त्यांना हे दोन्ही हवं असतं.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळतो, कारण इथे आपलं खरं अपयश आहे. अहिल्यानगर, संगमनेर, जालना या भागांतून आणि पालघरच्या पाड्यांतून कॅथलिक मुलं-मुली पुण्या-मुंबईच्या कॉलेजांत येतात. हरेगावला मतमाउलीच्या यात्रेत आईवडिलांबरोबर मराठी गाणी म्हणत चाललेली ही मुलं. कॅम्पसवरच्या कॅथलिक गटात ती पहिल्या शुक्रवारी येतात. तिथे प्रार्थना इंग्रजीत, गाणी इंग्रजीत, गप्पा इंग्रजीत. शेवटच्या बाकावर बसून ती उठून जातात आणि पुढच्या शुक्रवारी येत नाहीत. त्यांना कोणी हाकललेलं नसतं, पण कोणी बोलावलेलंही नसतं. फादर स्टीफन्सचं मराठी ख्रिस्तपुराण 1616 मध्ये छापलं गेलं. चारशे वर्षांपूर्वी ज्या ख्रिस्तसभेने मराठी ओवीत शुभवर्तमान गायलं, जिच्या एका धर्मगुरूने, फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी, 2020 मध्ये उस्मानाबादला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं, तिच्या विद्यार्थीगटात मराठी मुलाला तोंड उघडायला संकोच वाटावा, याची मला मनापासून खंत वाटते.

या मुलांची पहिली अडचण श्रद्धेची नसतेच. ती प्रवेश-खिडकीवरच्या अर्जाची असते. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा धर्माशी बांधला. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांची गणना इतर मागासवर्गात होते. आदिवासी ख्रिस्ती मात्र अनुसूचित जमातीतच राहतो. आता संगमनेरहून आलेली अठरा वर्षांची मुलगी डोळ्यांपुढे आणा. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर एक नोंद, वडिलांच्या दाखल्यावर दुसरी, जातवैधता अजून आलेली नाही, शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर कोणता रकाना भरायचा ते कळत नाही, आणि फीची मुदत शनिवारी संपते. त्या दिवशी तिच्या शेजारी जो बसेल तो तिच्यासाठी ख्रिस्तसभा. तो बहुधा दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीच असणार, कारण हे सगळं गेल्या वर्षी त्याने स्वतः केलेलं असतं. फादरना पोर्टलची माहिती असेलच असं नाही. विद्यार्थ्यांच्या हाती सेवा द्यावी असं मी म्हणतो, त्याचं अगदी व्यावहारिक कारण हे आहे.

एक आक्षेप बाहेरून येतो. धर्मनिरपेक्ष कॅम्पसवर एका धर्माचा गट कशाला, त्याने फूट पडणार नाही का, धर्मांतराचा संशय वाढणार नाही का? संविधानाचं 28 वं कलम स्पष्ट आहे. पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या संस्थेत धर्मशिक्षण देता येत नाही आणि अनुदानित किंवा मान्यताप्राप्त संस्थेत ते कोणावरही लादता येत नाही. ही मर्यादा आपण पाळावी आणि मनापासून पाळावी. लादलेल्या प्रार्थनेचा ख्रिस्ती श्रद्धेलाही उपयोग नाही. पण स्वेच्छेने एकत्र येण्याने फूट पडत नाही. आपली मुळं पक्की असलेला तरुण दुसऱ्याच्या श्रद्धेला घाबरत नाही, आणि भिणाराच भांडतो. संशयावर उपाय एकच: दार उघडं, हिशेब उघडा, काम सर्वांसाठी. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात 2003 पासून दृष्टिबाधितांसाठी जे साधनकेंद्र चालतं तिथे येणाऱ्याला धर्म विचारला जात नाही. आपल्या गटांनीही आपली अभ्यासिका, जुन्या पुस्तकांची पेढी आणि अर्जांची मदत अशीच सर्वांना खुली ठेवावी.

घरचा आक्षेपही आहे: धर्मग्राम असताना हा वेगळा संसार का? कारण वसतिगृहातल्या मुलाचा धर्मग्राम तीनशे किलोमीटर दूर असतो आणि कॉलेजजवळच्या चर्चमध्ये त्याला कोणी ओळखत नाही. शिवाय हा कोणाचा छंद नाही. 1983 च्या धर्मसंहितेच्या 813 व्या नियमानुसार विद्यार्थ्यांची आस्थेने काळजी घेणं ही बिशपांची जबाबदारी आहे, कॅथलिक नसलेल्या विद्यापीठांतसुद्धा. तिथे गरज फार मोठी आहे. सरकारी अभियांत्रिकी, कृषी आणि वैद्यकीय महाविद्यालयांत शिकणाऱ्या आपल्या मुलांपर्यंत आपण जवळजवळ पोचतच नाही, कारण आपली सगळी शक्ती आपल्याच संस्थांमध्ये अडकलेली आहे.

म्हणून दुपारच्या सत्रासाठी तीन गोष्टी चर्चेला ठेवतो. प्रत्येक धर्मप्रांताने सरकारी महाविद्यालयांसाठी किमान एक पूर्णवेळ व्यक्ती द्यावी. ती धर्मगुरूच हवी असं नाही, धर्मभगिनी किंवा प्रशिक्षित प्रापंचिक चालेल. पुण्या-मुंबईच्या प्रत्येक गटाने महिन्यातून निदान दोन बैठका मराठीत घ्याव्यात आणि त्या चालवण्याचं काम गावाकडून आलेल्या विद्यार्थ्यांकडे द्यावं. आणि विद्यार्थीसेवेसाठी ठेवलेल्या निधीचा खर्च विद्यार्थ्यांच्या निवडून आलेल्या समितीने करावा, हिशेब वर्षअखेरीस बिशपांना आणि सर्व सभासदांना द्यावा. या तिसऱ्या सूचनेला सर्वाधिक विरोध होईल याची मला कल्पना आहे. विरोध करणाऱ्यांनी दुपारी आपली कारणं मांडावीत. मात्र त्या सत्रात पहिले बोलण्याचा मान विद्यार्थ्यांना द्यावा, अशी अध्यक्ष म्हणून माझी विनंती आहे.